शब्द तोच, पण अर्थ कोणाचा?



मराठीच्या तासाला लक्षणा शिकवताना एक उदाहरण हमखास यायचे : 'गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे.' आता नदीच्या पाण्यावर वस्ती कशी असेल? म्हणून 'गंगेवर' म्हणजे 'गंगेच्या काठावर' असे घ्यायचे. वाच्यार्थ जिथे अडतो तिथे लक्ष्यार्थ घ्यावा, हा नियम मुलांना पटकन कळतो. पण वाच्यार्थ अडला की नाही, हे ठरवायचे कोणी? ख्रिस्ती धर्मातल्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन पंथांत पाचशे वर्षे चाललेल्या वादाचे मूळ याच प्रश्नात आहे, आणि त्याचे धागे आपल्या मराठीपर्यंत येतात.

साधारण समज असा की प्रॉटेस्टंट बायबलचा शब्द न् शब्द धरतात आणि कॅथलिक मोकळा अर्थ लावतात. इतिहास इतका सरळ नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हातात घेतली आणि ती आपले शरीर आहे असे शिष्यांना सांगितले. कॅथलिक चर्च हे वाक्य अक्षरशः घेते. उलट स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली म्हणे, इथे 'आहे' म्हणजे 'सुचवते'. म्हणजे आपली लक्षणाच! १५२९ साली जर्मनीत मारबुर्ग इथे मार्टिन ल्यूथर आणि झ्विंग्ली याच वाक्यासाठी समोरासमोर बसले. ल्यूथरने ते शब्द खडूने टेबलावर लिहून ठेवले आणि तो तसूभर हलला नाही. दोघेही पोपच्या विरोधातले, दोघेही 'फक्त शास्त्र प्रमाण' म्हणणारे, तरी एका क्रियापदावर समेट फिसकटला.

यावर कॅथलिक चर्चचे उत्तर १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत आले. चर्चने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणीही आपल्या मनाने शास्त्राचा अर्थ लावू नये, असे ठरले. पुढे १५६४ च्या नियमांनी लोकभाषेतले बायबल वाचायलाही परवानगी लागू लागली.

आता गोव्यात या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. मायदेशी प्रॉटेस्टंट राजवट असताना तो रोमला जाऊन जेजुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. त्याने आपल्या मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर इथे रोमन लिपीत छापला गेला. स्टीफन्सने बायबलचे भाषांतर केले नाही. कथा निवडल्या, जुळवल्या, समजावल्या आणि आपल्या पुराणिकाप्रमाणे ओवीत सांगितल्या. श्रोत्यांनी कथा ऐकावी, अर्थ सांगणारा सांगेल, हीच कॅथलिक रीत त्यात दिसते.

त्याच १६१६ साली रोममध्ये गॅलिलिओला ताकीद मिळाली. यहोशवाने सूर्याला थांबायला सांगितल्याचे बायबलात आहे, मग पृथ्वी फिरते असे कसे म्हणता? म्हणजे इथे वाच्यार्थाचा आग्रह चर्चचा होता आणि शास्त्र लोकांच्या बोलीत बोलते असे सांगत होता गॅलिलिओ. आपणही 'सूर्य मावळला' म्हणतोच की. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक झाल्याचे मान्य केले.

प्रॉटेस्टंट मिशनरी आपल्याकडे आले ते भाषांतर घेऊन. विल्यम केरीचा मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरला (बंगालमधल्या) छापला गेला. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले. त्यांचे काम पुढे अहमदनगरला रुजले आणि आमच्या सोलापुरातही आले. यांची रीत निराळी : आधी वाचायला शिका, मग पुस्तक स्वतः वाचा. मुलींच्या शाळांमागेही हा विचार होता.

पण स्वतः वाचणारा माणूस स्वतः प्रश्नही विचारणारच! याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनी अँग्लिकन होत्या, पण वळण बरेचसे कॅथलिक. चर्च सांगते ते मानावे, असा सिस्टर जेराल्डिन यांचा आग्रह. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटेना. शास्त्रात तो आपल्याला दिसू द्या, असे त्यांचे म्हणणे. क्रुसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. पुरोहितांचे जोखड उतरवून आलेली ही बाई दुसरे जोखड मानेवर घ्यायला तयार नव्हती. परक्या देशात, लहान मुलगी पदरी, आसरा देणाऱ्यांशीच वाद. याला किती धैर्य लागले असेल! तो पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने आला आहे. जरूर वाचा.

पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. साध्या बायकांना कळेल अशी भाषा आणि मूळ शब्दाशी इमान, या दोन गोष्टी त्यांनी धरल्या. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंडनंतर केडगाव लागते, तिथेच हे काम झाले.

कॅथलिकही आता ट्रेंटच्या काळात राहिलेले नाहीत. १९४३ साली पोप पायस बारावे यांनी शास्त्रातले साहित्यप्रकार ओळखून अर्थ लावायला अभ्यासकांना मोकळीक दिली. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने सर्वांना बायबल वाचायला सांगितले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० साली मराठीत आले. शेजारच्या उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले.

एवढे सगळे पाहिल्यावर मला वाटते, सोयीचा असेल तिथे वाच्यार्थ दोन्ही पक्षांनी धरला आणि नसेल तिथे सोडला. खरे भांडण अर्थाचा हक्क कोणाचा, याचे होते. एकाच्या हाती दिला तर गॅलिलिओ गप्प बसवला जातो. प्रत्येकाच्या हाती दिला तर मारबुर्ग होते. तरी निवडायचेच झाले तर मी मारबुर्ग निवडीन. तिथे निदान दोघांनाही बोलता आले.

आपल्या घरातल्या पोथ्यांनाही हाच प्रश्न विचारून पाहा. तुम्हाला काय वाटते ते जरूर कळवा.