"डॉक्टर, किती दिवस?" : एका प्रश्नाचा इतिहास

मुळशीत टाटा म्हटलं की धरण आठवतं आणि १९२१चा सत्याग्रह. पण टाटांच्या नावाची आणखी एक जागा इथल्या घरांना ठाऊक असते : १९४१ साली सुरू झालेलं परळचं टाटा हॉस्पिटल. स्तनाचा कॅन्सर परत आला, की तिथे काय किंवा पुण्यात काय, घरचे दबक्या आवाजात एकच विचारतात, "डॉक्टर, किती दिवस?" आज या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास पाहू.

१९६२ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या १८०५ ते १९३३ या काळातल्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार न झालेल्या २५० बायका. त्यातल्या निम्म्या, त्रास सुरू झाल्यापासून २.७ वर्षांच्या आत गेल्या. पण शंभरातल्या चौघी दहा वर्षांनंतरही जिवंत होत्या! म्हणजे मधला आकडा सगळ्यांचा नसतो, निम्म्या त्याच्या पुढे जातात.

पुढे डॉक्टर खुणा ओळखायला शिकले. आजार किती वर्षांनी परतला? उशिरा परतला तर बरं. कुठे परतला? फक्त हाडात असेल तर यकृत किंवा मेंदूपेक्षा आशा जास्त. आणि गाठीचा प्रकार कोणता?

या प्रकारानेच आकडे हलवले. पसरलेल्या 'हर-टू' प्रकारात नुसत्या केमोवर मधला आकडा सुमारे २० महिने होता. २००१च्या अभ्यासात ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर तो २५ झाला. २०१५ साली, आणखी एका औषधाची भर पडल्यावर, ५६.

त्याच २०१५ साली टाटा हॉस्पिटलचा अभ्यास आला. निदानाच्या वेळीच आजार पसरलेल्या ३५० बायका. स्तनातली गाठ काढली तर मधला आकडा १९.२ महिने, न काढता २०.५. ऑपरेशनने आयुष्य वाढलं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्यातल्या हर-टूवाल्या बहुतेकींना ते महागडं औषध मिळालंच नव्हतं.

म्हणून मंडळी, आकडा नुसता आजाराचा नसतो. तो त्या काळाचा असतो, औषधाचा असतो, खिशाचाही असतो. शेजारच्या काकूंचा आकडा आपल्या आईला लावू नका. डॉक्टरांना विचारा : हा आकडा कोणत्या उपचाराचा? तो आम्हाला मिळेल का? महात्मा फुले योजनेत बसेल का?

भेटू पुढच्या भागात.