छातीतील जळजळ : एका शोधाचा इतिहास

जेवण झाल्यावर छातीत जळजळणे, घशाशी आंबट पाणी येणे, करपट ढेकरा येणे, या तक्रारी ज्या घरात नाहीत असे घर सापडणे कठीण. आपल्याकडे अशा वेळी "पित्त झाले" एवढे म्हटले की निदान पुरे झाले असे समजतात. मग कोणी थंड दूध देतो, कोणी पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून देतो, तर कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणतो. घटकाभराने बरे वाटते आणि गोष्ट विसरली जाते.

परंतु वाचकहो, या साध्या वाटणाऱ्या दुखण्याचे खरे कारण कळायला वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. लक्षणे तर पूर्वीच्या लोकांनाही ठाऊक होती. 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात 'अम्लपित्त' या रोगाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात आंबट-कडू ढेकरा आणि छाती व घसा यांचा दाह ही लक्षणे सांगितली आहेत. अडचण लक्षणांची नव्हती, कारणाची होती. दुखण्याचे कारण चुकीचे समजले की उपचारही चुकतो, हा या इतिहासाचा मुख्य धडा आहे. तो विद्यार्थ्यांइतकाच पालकांनाही उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

जठरात आहे तरी काय?

अठराव्या शतकात युरोपातील विद्वानांत एक मोठा वाद होता. पोटात गेलेले अन्न जात्यात दळल्यासारखे दळले जाते, की कुजते, की कशात तरी विरघळते? इटलीतील स्पालानझानी या संशोधकाने अन्न भरलेल्या लहान कापडी पिशव्या स्वतः गिळून पाहिल्या. पिशव्या शाबूत राहिल्या, पण आतले अन्न नाहीसे झाले! म्हणजे दळणे नव्हे, विरघळणे. मग ते विरघळवणारे द्रव्य कोणते? सन १८२३ मध्ये लंडनच्या विल्यम प्राउट यांनी ससे व इतर प्राण्यांच्या जठरातील रस तपासून दाखवून दिले, की त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. प्रयोगशाळेत बाटलीत ठेवून ज्याला आपण जपून हात लावतो, तेच आम्ल आपल्या पोटात रोज तयार होते, हे ऐकून त्या काळी अनेकांचा विश्वास बसला नाही.

अलेक्सिसच्या पोटाची खिडकी

याच सुमारास एका अपघाताने विज्ञानाला एक खिडकी उघडून दिली. दिनांक ६ जून १८२२ रोजी अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मॅकिनॅक बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या दुकानात बंदुकीचा बार चुकून उडाला. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा एक तरुण कॅनेडियन नावाडी अगदी जवळून जखमी झाला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तो जगेल अशी कोणालाच आशा नव्हती. पण तो जगला. मात्र जखम भरताना जठराचे भोक पोटाच्या कातडीला चिकटून कायमचे उघडे राहिले.

सन १८२५ पासून बोमाँट यांनी या भोकातून प्रयोग सुरू केले. रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून ते आत सोडायचे आणि ठराविक वेळाने बाहेर ओढून पाहायचे, अशी त्यांची रीत. जठरातील रस काढून तो बाटलीत शरीराइतका उबदार ठेवला तर बाटलीतही मांस विरघळते, हे त्यांनी पाहिले. रिकाम्या जठरात हा रस साठून राहत नाही, अन्न आले की तो पाझरू लागतो, हेही पाहिले. माणूस संतापला की त्याच्या पचनावर परिणाम होतो, ही गोष्ट तर त्यांना डोळ्यांनी दिसली. सन १८३३ मध्ये त्यांनी या प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाने पचनाच्या अभ्यासाचा पाया घातला.

पण या यशाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. अलेक्सिस हा गरीब, निरक्षर माणूस. सन १८३२ च्या करारानुसार वर्षाला दीडशे डॉलर आणि राहण्या-जेवणाची सोय एवढ्यावर त्याने आपले शरीर प्रयोगांसाठी दिले. तो कंटाळून पुन्हा पुन्हा गावी निघून जाई. पुस्तक डॉक्टरांच्या नावावर झाले. अलेक्सिस मात्र शेवटपर्यंत गरिबीत राहिला. सन १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी प्रेत नेऊ नये म्हणून घरच्यांनी ते कुजेपर्यंत ठेवले आणि मग खोल खड्ड्यात पुरले. ज्ञान कोणाच्या दुःखातून आले, याचे भान शिकलेल्या माणसाने सोडू नये.

सारा दोष आम्लावर

जठरात आम्ल आहे हे सिद्ध झाल्यावर पोटाच्या प्रत्येक दुखण्याचा दोष त्याच्यावर आला. जठराला व्रण पडतो, म्हणजे अल्सर होतो, तो आम्लामुळेच. सन १९१० मध्ये कार्ल श्वार्त्स यांनी 'आम्ल नाही तर व्रण नाही' असे सूत्रच मांडले. सन १९१५ मध्ये शिकागोचे डॉ. सिप्पी यांनी दर तासाला दूध-साय आणि मधूनमधून अल्कली चूर्ण असा उपचार सुचवला. तो पुढे कित्येक दशके चालला. दुधाने तात्पुरते बरे वाटते, पण थोड्या वेळाने दुधामुळेच जठर आणखी आम्ल पाझरते, हे नंतर लक्षात आले. आपल्या घरातील थंड दुधाच्या पेल्यालाही हेच लागू आहे. पुढे शल्यचिकित्सकांनी जठराचा भाग कापून काढणे, त्याच्याकडे जाणारी मज्जातंतूंची शाखा तोडणे, असे उपायही केले.

या सगळ्या गडबडीत छातीत जळजळणाऱ्या माणसाकडे स्वतंत्रपणे कोणी फारसे पाहिले नाही. त्याचे दुखणे अल्सरच्याच खात्यात जमा होत होते.

दुखण्याला नाव मिळाले

सन १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. आशर विंकेलस्टाइन यांनी आपल्या पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागाला सूज होती. जठरातील रस वर येऊन नलिकेला पोळतो आहे, असा त्यांनी तर्क केला. इंग्लंडमधील लीड्सचे शल्यचिकित्सक फिलिप ॲलिसन यांनी सन १९४६ ते १९५१ या काळात त्याला भक्कम आधार दिला. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला अन्ननलिका जाण्यासाठी एक छिद्र असते. ते सैल झाले की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो आणि आम्ल वर येणे सोपे होते, हे त्यांनी दाखवले आणि त्यासाठी शस्त्रक्रियाही बसवली.

ॲलिसन यांची थोरवी पुढे आहे. सन १९७३ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांची वीस वर्षांची पाहणी छापली आणि स्वच्छ लिहिले, की बऱ्याच जणांचा त्रास परत आला आहे. स्वतःच्या नावावर असलेल्या शस्त्रक्रियेचे अपयश स्वतः जाहीर करायला मोठे मन लागते. लंडनचे नॉर्मन बॅरेट यांचेही तसेच. वर्षानुवर्षे आम्लाने पोळून अन्ननलिकेचे अस्तर बदलते, त्या बदलाला आज त्यांचे नाव आहे. सन १९५० मध्ये त्यांनी तो भाग म्हणजे छातीत ओढले गेलेले जठरच, असे म्हटले होते. ॲलिसन व जॉनस्टन यांनी सन १९५३ मध्ये तो अन्ननलिकेचाच भाग असल्याचे दाखवले आणि सन १९५७ मध्ये बॅरेट यांनी ते मान्य केले.

आजही केली जाणारी शस्त्रक्रिया रुडॉल्फ निसेन यांची. हे ज्यू शल्यचिकित्सक सन १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडून तुर्कस्तानात गेले आणि इस्तंबूल विद्यापीठात शिकवू लागले. तेथे एका तरुणावर शस्त्रक्रिया करताना त्यांनी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला होता. त्याला पुढे जळजळ झाली नाही, हे त्यांनी मनात ठेवले. सन १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासल येथे त्यांनी तीच युक्ती खास या रोगासाठी वापरली.

तरी मूळ प्रश्न उरलाच होता. आम्ल वर येते कसे? अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते, एरवी मिटलेले असते. सन १९५६ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये या कड्याचा दाब मोजला गेला. सन १९७४ मध्ये जॉन्सन व डीमीस्टर यांनी अन्ननलिकेतील आम्ल सलग चोवीस तास मोजण्याची पद्धत बसवली. पुढे १९८० च्या सुमारास डॉड्स, डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की घास गिळलेला नसतानाही हे कडे मधूनच काही सेकंद सैल पडते आणि त्याच वेळी आम्ल वर निसटते.

म्हणजे बहुतेक रुग्णांत आम्ल फार झालेले नसते, ते नको त्या जागी गेलेले असते! जठराच्या आतून चिकट द्रवाचा लेप असतो म्हणून ते स्वतः पोळत नाही. अन्ननलिकेला तसे संरक्षण नाही. विस्तव चुलीत असतो तोवर भाकरी भाजतो. तोच चुलीबाहेर पडला की घर पेटवतो. दोष विस्तवाचा नसतो.

औषधांचा शोध

हिस्टामीन या शरीरातीलच द्रव्यामुळे जठर आम्ल पाझरते, हे पोपिएल्स्की यांनी सन १९२० मध्ये प्रसिद्ध केले होते. पण सर्दी-खाजेवर चालणारी हिस्टामीनविरोधी औषधे जठरावर मुळीच चालत नव्हती. सन १९६४ मध्ये जेम्स ब्लॅक या स्कॉटिश संशोधकाने इंग्लंडमधील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत विचार केला, की जठरातले कुलूपच वेगळे असेल, तर किल्लीही वेगळी हवी. पहिली चार वर्षे शेकडो द्रव्ये तपासूनही हाती काही लागले नाही. सन १९७२ मध्ये पहिले यश मिळाले. त्यानंतरच्या औषधाने काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून ते सोडून द्यावे लागले. अखेर सन १९७६ मध्ये 'सिमेटिडीन' बाजारात आले. ब्लॅक यांना सन १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तोपर्यंत जठराच्या पेशीत आम्ल बाहेर ढकलणारा 'पंप' सापडला होता. स्वीडनमधील संशोधकांनी सन १९७९ मध्ये तो बंद पाडणारे 'ओमेप्राझोल' तयार केले. मोठ्या मात्रेने उंदरांत गाठी दिसल्यामुळे सन १९८४ मध्ये काम थांबले, कसून तपासणी झाली आणि सन १९८८ मध्ये औषध वापरात आले. हा पंप जेवणाच्या वेळी चालू होतो. म्हणूनच ही गोळी डॉक्टर जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यायला सांगतात.

आणि ज्या अल्सरच्या खात्यात हे दुखणे शंभर वर्षे जमा होत होते, त्याचे काय? सन १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांनी जठरातील एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. सन १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. पुष्कळसे अल्सर या जंतूमुळे होतात, हे सिद्ध होऊन दोघांना सन २००५ चे नोबेल मिळाले. अशा रीतीने दोन रोगांची फारकत झाली. एकाचे कारण जंतू, दुसऱ्याचे कारण सैल पडणारे कडे.

ही औषधे आपल्या गावापर्यंत स्वस्तात पोहोचली, त्यामागेही इतिहास आहे. सन १९७२ पासून लागू झालेल्या भारतीय पेटंट कायद्यामुळे, वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवण्याची मुभा आपल्या कंपन्यांना होती. हा नियम सन २००५ मध्ये बदलला. स्वस्ताईचा लाभ झाला, पण गोळी शेंगदाण्यासारखी खाण्याची सवयही लागली. सन १९८१ मध्ये आलेले 'रॅनिटिडीन' घरोघरी वापरले गेले. त्यात कर्करोगाची शक्यता वाढवणारा एक घटक आढळल्याने सन २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते तेथील बाजारातून काढायला लावले.

आपण काय घ्यावे?

पालकहो, या इतिहासातून घरी नेण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. कड्याला त्रास देऊ नये, हे पहिले सूत्र. पोट तडस लागेपर्यंत भरू नये, जेवून दोन-तीन तास आडवे होऊ नये, तंबाखू सोडावी, वाढलेले वजन उतरवावे, रात्री त्रास होत असेल तर पलंगाची उशाकडची बाजू विटेएवढी उंच करावी आणि डाव्या कुशीवर झोपावे. रमजानमध्ये दिवसभराच्या रिकाम्या पोटी इफ्तारला एकदम तळलेले भरणे आणि सहेरी करून लगेच झोपणे, या दोन सवयी आवर्जून टाळाव्यात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छातीत दडपण, घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ, असे काही झाले तर "पित्तच असेल" म्हणून सोडा देत बसू नये. हृदयविकाराचा झटका असाच दिसू शकतो. ताबडतोब दवाखाना गाठावा. घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे, या वेळीही घरगुती इलाज नको. आठवडेच्या आठवडे गोळी लागत असेल, तर ती चालू ठेवायची की बंद करायची, हे डॉक्टरांनी ठरवावे, दुकानदाराने नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, स्पालानझानीपासून मार्शलपर्यंत ही माणसे एकाच गोष्टीने बांधलेली आहेत. सर्वांनी मान्य केलेल्या उत्तरावर ती थांबली नाहीत आणि आपले उत्तर चुकले तेव्हा लपवलेही नाही. "पित्त झाले" हे उत्तर आहे की प्रश्नाची सुरुवात, असे विचारण्याची सवय तुम्ही शाळेतच लावून घ्या. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी औषधनिर्माता, कोणी केवळ घरातील शिकलेले माणूस. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत कळ येईल, तेव्हा या सवयीचा उपयोग तिघांनाही सारखाच होणार आहे.