दिवाणखान्यातली पृथ्वी

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांनी नवीन फ्लॅट घेतला आहे, दिवाणखाना सजवताहेत, आणि कोपऱ्यात ठेवायला त्यांना एक जुना पृथ्वीगोल हवा आहे. फोनवर फोटो दाखवून त्यांनी विचारलं, "सर, हा खरा असेल का हो?" फोटो मोठा केला तर खाली पितळी पट्टी, पट्टीवर 'लंडन १७४५', समुद्रात देवमासे, सगळा गोल चहात बुडवून काढल्यासारखा तपकिरी. आणि तळाशी बघतो तर अख्खा अंटार्क्टिका, त्या शेपटीसारख्या द्वीपकल्पासकट! दक्षिणेला एखादा मोठा खंड असावा असा तर्क फार जुना आहे, जुन्या नकाशांत तो मनाने काढलेलाही दिसतो. पण हा तर्कातला नव्हता, आजच्या शाळेच्या पुस्तकातला होता. तो प्रदेश माणसाच्या पहिल्यांदा नजरेस पडला १८२० साली. म्हणजे पंचाहत्तर वर्षं आधीच लंडनच्या कारागिराला तो स्वप्नात दिसला असला पाहिजे.

बाई खट्टू झाल्या. मला वाईट वाटलं, म्हणून आजचा विषय हा. शिवाय तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात रस का, याचंही उत्तर त्यात येईल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आमच्यासारखी पुस्तकी माणसं नाक मुरडतात, की ज्ञानाची वस्तू लोक शोभेसाठी घेतात, काय दिवस आले! अहो, पृथ्वीगोल हा पहिल्यापासून शोभेचाच होता. समुद्रावरच्या खलाशाला त्याचा उपयोग बेताचाच. एक फूट व्यासाच्या गोलावर मुंबई ते गोवा हे अंतर जेमतेम एक सेंटिमीटर भरतं, त्यावरून जहाज काय हाकणार? गोल असायचा राजाच्या महालात, व्यापाऱ्याच्या बैठकीत, विद्वानाच्या मेजावर. हॉल्बाइन या चित्रकाराचं १५३३ सालचं एक प्रसिद्ध चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन फ्रेंच मुत्सद्दी उभे आहेत, मधल्या मांडणीवर वरच्या फळीला आकाशाचा गोल, खालच्या फळीला पृथ्वीचा. त्या छोट्याशा पृथ्वीगोलावर पोलिसी हे गाव लिहिलेलं आहे. पोलिसी म्हणजे कोण मोठी राजधानी? नव्हे. चित्र काढून घेणाऱ्या मुत्सद्द्याचा वाडा त्या गावी होता, एवढंच! जगाच्या गोलावर आपलं घर दाखवण्याची हौस माणसाला पाचशे वर्षांपूर्वीही होती.

आणि आकाराची हौस म्हणाल तर चौदाव्या लुईसाठी कोरोनेल्ली या व्हेनिसच्या धर्मगुरूने पॅरिसमध्ये १६८१ ते १६८३ या काळात गोलांची जोडी केली. एकेकाचा व्यास जवळजवळ चार मीटर. आजही ती जोडी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या पृथ्वीगोलावर कॅलिफोर्निया बेट म्हणून दाखवलेला आहे. अमेरिकेच्या किनाऱ्याला चिकटलेला नाही, सुटा. जगातल्या सर्वांत ऐश्वर्यवान राजाच्या, सर्वांत महागड्या गोलावर ही चूक. त्या काळच्या उत्तमोत्तम नकाशांत ती होती, म्हणून इथेही आली.

मला सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. जुना गोल आपण घरात का ठेवायचा? तो सुंदर असतो म्हणून, हे झालंच. पण सुंदर गोल नवेही मिळतात. जुन्या गोलात नव्यात नसलेली एक गोष्ट असते. ती म्हणजे प्रामाणिक चूक. कुणीतरी आपल्या परीने जग जसं आहे तसं मांडायचा प्रयत्न केला, आणि तो कुठे अडला, कुठे फसला, हे त्यावर छापलेलं राहिलं. बाजारातल्या नकली गोलावर चुका नसतात असं नाही, पण त्या कुणाच्याच नसतात.

उदाहरण देतो. बंगालची मोजणी करणारे जेम्स रेनेल आपल्याकडच्या नकाशांच्या इतिहासात फार मोठे. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये बसून त्यांनी मंगो पार्क या प्रवाशाच्या माहितीवरून आफ्रिकेचा नकाशा केला, १७९८ साली. त्यात पश्चिम आफ्रिकेत आडवी पसरलेली एक पर्वतरांग काढली, कॉंगचे पर्वत. नायजर नदी दक्षिणेला का वळत नाही, याचं उत्तर त्यांना हवं होतं. पर्वत आडवा असेल तर उत्तर जुळतं. पर्वत नव्हताच, आणि नदी तर पुढे दक्षिणेलाच वळते! पण रेनेल यांचं नाव मोठं, त्यामुळे पुढची सुमारे नव्वद वर्षं ती रांग नकाशांवर आणि गोलांवर छापली जात राहिली. बिंझे नावाचा फ्रेंच अधिकारी १८८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे चालत गेला, तेव्हा ती पुसली गेली. एकोणिसाव्या शतकातला एखादा गोल हाती आला तर पश्चिम आफ्रिकेवर बोट ठेवून बघा. ती रांग दिसली तर मला त्या गोलाची किंमत दुप्पट वाटते. प्रमाणशास्त्र शिकवताना 'शब्दप्रमाण' म्हणजे काय हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, पण इतकं चांगलं उदाहरण मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता हे गोल बनतात कसे ते थोडक्यात. कागदाच्या लगद्याचा पोकळ गोळा, त्यावर प्लास्टरचा थर. नकाशा सपाट कागदावर छापायचा, पण संत्र्याच्या फोडींच्या आकारात, दोन टोकांना निमुळता. बहुधा बारा फोडी. त्या ओल्या करून, किंचित ताणून, कडेला कड जुळवून चिकटवायच्या, हाताने रंगवायच्या आणि वर व्हार्निश. 'अमेरिका' हे नाव असलेल्या वाल्डझेम्युलरच्या १५०७ सालच्या फोडी अशाच छापलेल्या, जेमतेम बारा सेंटिमीटर व्यासाच्या गोलासाठी. त्यामुळे खरा जुना गोल ओळखायला भिंग घ्या आणि जोड शोधा. कुठेतरी नदी एका फोडीवर संपते आणि शेजारच्या फोडीवर केसभर खाली सुरू होते. अक्षरं तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली असतील तर रेघ सलग दिसते, हल्लीची छपाई असेल तर भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात. व्हार्निश पिवळं पडतं, पण सगळीकडे सारखं नाही. जिकडे खिडकी तिकडे जास्त. नकली गोल सगळीकडून सारखा म्हातारा असतो.

आपल्याकडची परंपरा जरा निराळी, धातूची. लाहोरला मुघल काळात एका घराण्याने चार पिढ्या आकाशाचे पितळी गोल केले, तेही मेणाच्या साच्यावरून एकसंध ओतलेले, कुठे जोड नाही. आणि पृथ्वीचा म्हणाल तर ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात क्षेमकर्ण नावाच्या माणसाने १५७१ साली केलेला पितळी 'भूगोल' आहे. त्यावर पुराणातला मेरू आहे, जंबुद्वीप आहे, सागर आहेत, पण सगळं सपाट थाळीवर नाही, गोळ्यावर कोरलेलं. म्हणजे पुराण आणि सिद्धांत-ज्योतिष यांचा समझोता! कारण आपल्या ज्योतिष्यांची पृथ्वी आर्यभटापासून गोलच होती. भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'त तर गोलाध्याय म्हणून स्वतंत्र भाग आहे. हा वाद मराठीतही आला. माळव्यात सिहोरला विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर काम करणाऱ्या सुबाजी बापू या पंडिताने १८३६ साली 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिला आणि पुराणांचं, सिद्धांतांचं आणि कोपर्निकसचं अशी तिन्ही विश्वं शेजारी शेजारी ठेवून तपासली. पेशवाई बुडून अठरा वर्षं झाली होती, म्हणजे किती लवकर ते बघा. बरं, क्षेमकर्णाचा तो गोल मध्यावर उघडतो, डब्यासारखा. हल्ली इटालियन पद्धतीचे गोल मिळतात, झाकण उघडलं की आत बाटल्या आणि पेले. त्याला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या पूर्वजांनी त्या डब्यात काय ठेवलं असेल ते असो.

आता माझ्या घरातल्या गोलाबद्दल सांगतो. हा भाग सांगायला मला थोडा जड जातो.

पुण्याच्या जुन्या बाजारात, नटबोल्ट आणि मोडके पंखे मांडलेल्या एका ताडपत्रीवर मला तो मिळाला. बारा इंची, इंग्लंडात छापलेला, शाळेचा. स्टँड नाही, उत्तर ध्रुवाला पोचा. साल छापलेलं नव्हतं. अशा वेळी नावं वाचायची. त्यावर इस्तंबूल होतं, कॉन्स्टँटिनोपल नाही, म्हणजे १९३०नंतरचा. पर्शिया होतं, इराण नाही, म्हणजे १९३५च्या आगेमागे. लेनिनग्राड, सयाम, दोन्ही जुळतं. प्रकाशक नावं बदलायला आळस करतात, म्हणून दोन-तीन वर्षांची सूट धरायची. ब्रह्मदेश हिंदुस्थानच्याच रंगात होता. तो १९३७ साली वेगळा झाला, तेही बसलं. गोव्याला निराळ्या रंगाचा एक ठिपका. पुणे, अर्थातच, 'पूना'.

आणि त्या गुलाबी हिंदुस्थानावर कुणीतरी टाकाने, निळ्याकाळ्या शाईने, दोन रेघा ओढल्या होत्या. एक पंजाबातून, एक बंगालमधून. दोन्ही बाजूंना बारीक, वळणदार देवनागरीत 'पाकिस्तान' लिहिलेलं. शाळेकडे नवीन गोल घ्यायला पैसे नसणार. कुणा मास्तरांनी १९४७ नंतरच्या एखाद्या सकाळी, पोरं वर्गात यायच्या आत, तो मांडीवर घेऊन देशाची फाळणी केली असणार. पंजाबातली रेघ थरथरलेली आहे. मास्तरांचा हात कापला की गोल फिरला, कोण सांगणार!

हे मी विकत घेतलं आणि मग काय केलं? घरात शोभावा म्हणून दुरुस्तीला दिला. माणूस कुशल होता, पोचा त्याने सुरेख काढला. त्याने विचारलं, "शाईचे डाग काढू का? त्याशिवाय किंमत येणार नाही." मी हो म्हणालो. चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना इतिहासाचं भान शिकवलेला मी, हो म्हणालो. दोन दिवसांनी झोप लागेना, म्हणून सकाळीच त्याच्याकडे गेलो. शाई कागदावर नव्हती, व्हार्निशवर होती, त्यामुळे व्हार्निश निघालं की शाई कापसाच्या बोळ्यावर येत होती. बंगालची अर्धी रेघ गेली होती. पूर्वेकडच्या 'पाकिस्तान'मधलं 'पाकि' गेलं होतं, 'स्तान' उरलं होतं. थांबवलं. दोष त्याचा नाही, मीच सांगितलं होतं.

माझ्या पापाला मोठी सोबत आहे, एवढंच समाधान. आज टिकून असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल न्यूरेंबर्गला आहे, मार्टिन बेहाइमचा, १४९२चा. त्यावर अमेरिका नाही, कोलंबस त्या वर्षी अजून वाटेवर होता. युरोपच्या पश्चिमेला समुद्र आणि पलीकडे थेट जपान. एकोणिसाव्या शतकात तो काळवंडला म्हणून लोकांनी हौसेने डागडुजी केली, पुसट अक्षरं पुन्हा गिरवली, आणि गिरवणाऱ्यांना जुनी नावं नीट लागली नाहीत. कितीतरी गावांची नावं त्यात बिघडली. आता बेहाइमची चूक कुठली आणि दुरुस्ती करणाऱ्याची कुठली, हे सोडवत अभ्यासक बसले आहेत.

तर त्या बाईंना, त्या आज आल्या आहेत, माझं सांगणं असं. तीनशे वर्षांपूर्वीचा गोल तुमच्या-माझ्या आवाक्यातला नाही, तो नाद सोडा. १९२० ते १९७०मधला शाळेचा किंवा घरगुती गोल शोधा. इंग्लंडचे पत्र्याचे खेळण्यातले गोल मिळतात, जर्मनीचे आत दिवा लागणारे मिळतात. बांगलादेश नसलेला, सिलोन लिहिलेला, ऱ्होडेशिया असलेला घ्या. दुकानदाराने 'रिस्टोअर केलाय' असं अभिमानाने सांगितलं तर काय काय काढलं ते विचारा. शाई, पेन्सिलीच्या खुणा, कुणी बोटाने घासून घासून पुसलेलं गाव, हे असेल तर दोन पैसे जास्त द्या. परदेशी राहणाऱ्या मुलांना भेट द्यायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा, १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

घरी आणल्यावर ऊन लागेल तिथे ठेवू नका. ओलं फडकं अजिबात लावू नका, कोरडा मऊ ब्रश पुरे. फिरवताना नकाशाला हात लावू नका, पितळी कडं असेल तर त्याला धरा. माझा गोल पुस्तकांच्या कपाटावर आहे, उत्तरेच्या भिंतीला. बंगालची बाजू मी पुढे करून ठेवली आहे. पाहुणे विचारतात, हा डाग कसला, आणि मला ही सगळी गोष्ट पुन्हा सांगावी लागते.

आता प्रश्न घेऊ. आणि बाई, तुमच्या फोटोतला तो १७४५चा गोल अजून घेतला नसेल तर घेऊ नका. घेतलाच असेल तर पुढच्या महिन्यात इथे घेऊन या, भिंग मी आणतो.