कुलवृत्तांत
कुलवृत्तांत म्हणजे एकाच मूळपुरुषापासून विस्तारलेल्या घराण्याची वंशावळ, स्थलांतरे आणि त्यातील व्यक्तींची माहिती एकत्रित देणारा ग्रंथ. मराठीत असे ग्रंथ विसाव्या शतकात मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. चित्पावन घराण्यांत ही प्रथा विशेष रुजली. पुढे अन्य ज्ञातींतील घराण्यांनीही ती स्वीकारली. संकलनाच्या निमित्ताने दुरावलेल्या शाखांचा परस्परांशी परिचय होतो आणि त्यातूनच कुलसंमेलने भरतात.

आडनाव आणि कूळ
आडनाव समान असले तरी कूळ एकच असते असे नाही. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही आडनावे वतनांवरून आली असून ती परस्परांशी संबंध नसलेल्या घराण्यांत आढळतात. ‘कर’ प्रत्ययाची आडनावे मूळ गाव दर्शवतात, ज्ञाती नव्हे. कोकणातील बेने इस्रायली समाजातही पेणकर, किहीमकर अशी आडनावे आहेत. उलट, वतन किंवा गाव बदलल्याने एकाच घराण्याच्या शाखांची आडनावे भिन्न झालेली दिसतात. त्यामुळे आडनावासोबत मूळ गाव, कुलदैवत, गोत्र किंवा देवक पडताळले जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलामुळे मंगेशाचे स्थान कुशस्थळीहून प्रियोळला, तर शांतादुर्गेचे केळशीहून कवळ्याला हलले. गोव्याबाहेर स्थायिक झालेल्या अनेक घराण्यांना मूळ गावाचा माग अशा कुलदैवतांवरून लागतो.

साधने
* तीर्थोपाध्यायांच्या वह्या : नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया आदी क्षेत्री यात्रेकरूंचे नाव, गाव व पूर्वजांची नावे नोंदवलेली असतात.
* मोडी कागदपत्रे : पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, तसेच १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह. यांत सनदा, वतनपत्रे व निवाडे मिळतात.
* महसुली व शालेय नोंदी : सातबारा, फेरफार, जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर.
* मौखिक परंपरा : दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून शेतकरी कुळांच्या वंशावळी सांगतात व नोंदवतात.

कालनिश्चिती
जुन्या कागदांत शक, फसली वा शुहूर सन असतो. इसवी सन काढण्यासाठी शकात ७८ किंवा ७९, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवतात.

मर्यादा
नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे पिढ्यांची सरमिसळ होते. एखादी पिढी गळते किंवा दोनदा मोजली जाते. दत्तकविधानामुळे रक्ताचा आणि वारशाचा क्रम वेगळा होतो. जुन्या वंशावळींत मुली व सुनांची नावे बहुधा नसतात. विवाहानंतर नाव बदलल्याने स्त्रियांचा शोध अधिक कठीण होतो. केवळ ऐकीव माहितीवर जोडलेला मूळपुरुष अन्य पुराव्याशिवाय ग्राह्य धरला जात नाही.

सामाजिक महत्त्व
वंशावळ हा केवळ कौटुंबिक कुतूहलाचा विषय नाही. वडिलोपार्जित जमिनीचा वारसा आणि जातीचा दाखला यांसाठी ती आवश्यक ठरते. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमण्यात आली, तेव्हा मोडीवाचकांची गरज नव्याने जाणवली. वतनदारांचे कागद विपुल असले तरी भूमिहीन व भटक्या कुटुंबांच्या नोंदी तुरळक आहेत. ज्यांना पुराव्याची निकड अधिक, त्यांच्याच हाती तो कमी असतो.

परदेशातील मराठी भाषक
एकोणिसाव्या शतकात मराठी भाषक मजूर करारावर मॉरिशसला गेले. तेथील नोंदींत मजुराचे व्यक्तिनामच पुढे अनेक कुटुंबांचे आडनाव झाले. अशा वंशजांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील स्थलांतर-अभिलेखांतून पूर्वजाचे गाव व जहाज यांचा शोध घेता येतो.