परफॉर्मन्स कारसाठी चाक व टायर यांच्या मापांची निवड

परफॉर्मन्स कार, म्हणजे वेग, प्रवेग व वळणावरील पकड यांना प्राधान्य देऊन घडविलेली मोटार. अशा मोटारीचे इंजिन कितीही शक्तिशाली असले, तरी तिचा रस्त्याशी संबंध येतो तो टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिकाणांपुरताच. प्रवेग, गतिरोधन आणि वळण या तिन्ही क्रियांचे बळ याच चार ठिकाणांतून रस्त्यावर उतरते. त्यामुळे चाकाचा व्यास, रिमची रुंदी, टायरची रुंदी व उंची आणि चाकाचा ऑफसेट यांची निवड हा मोटारीच्या अभियांत्रिकीचा मूलभूत भाग मानला जातो. मोठे चाक दिसायला रुबाबदार असते, हे खरे. परंतु दिसणे आणि धावणे यांची गणिते निराळी आहेत.

मापांची लेखनपद्धती

टायरच्या बाजूवर २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू अशा स्वरूपाची नोंद असते. यातील २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ४५ हे उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण असून त्यावरून टायरच्या बाजूची उंची १०१.२५ मिमी येते. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणी दर्शविते व १७ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. ९१ हा भारनिर्देशांक म्हणजे एका टायरवर कमाल ६१५ किलोग्रॅम भार, तर 'डब्ल्यू' हे वेगचिन्ह म्हणजे ताशी २७० किमी ही कमाल वेगमर्यादा. एकाच मापात मिलिमीटर, टक्के व इंच अशी तीन निरनिराळी परिमाणे नांदतात. नवख्या वाचकाचा गोंधळ बहुधा तेथेच होतो.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर ठोकून बसविलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत 'धाव' म्हणतात. रबरी टायरला मात्र हा शब्द चिकटला नाही.

बाह्य व्यासाचे गणित

चाक बदलताना टायरसह मोजलेला संपूर्ण बाह्य व्यास शक्यतो मूळ मापाएवढाच ठेवावा लागतो. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या मोटारीच्या सातव्या पिढीचे (२०१३) उदाहरण यासाठी उपयुक्त आहे. कंपनीने या मोटारीला २२५/४५ आर १७ व २२५/४० आर १८ अशी दोन्ही मापे दिली होती. पहिल्या मापात रिमचा व्यास ४३१.८ मिमी व टायरच्या दोन्ही बाजूंची उंची मिळून २०२.५ मिमी, म्हणजे एकूण ६३४.३ मिमी. दुसऱ्या मापात ४५७.२ अधिक १८०, म्हणजे ६३७.२ मिमी. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. २०२५ मध्ये भारतात आयात होऊ लागलेल्या गोल्फ जीटीआयलाही २२५/४० आर १८ हेच माप आहे.

हाच बदल करताना एखाद्याने प्रमाण ४५ च ठेवून केवळ रिम मोठी केली, तर व्यास ६५९.७ मिमी होतो आणि फरक चार टक्क्यांवर जातो. मग वेगमापक ताशी १०० किमी दाखवीत असताना मोटार मूळच्या हिशेबापेक्षा ४ किमी अधिक वेगाने धावत असते. चाकाच्या एका फेऱ्यात अधिक अंतर कापले जात असल्याने गिअरचे परिणामी गुणोत्तर बदलते व प्रवेग मंदावतो. वळणावर पूर्ण वळविलेले चाक आतील आच्छादनाला घासण्याची शक्यताही वाढते. म्हणून साधारणतः दोन ते तीन टक्क्यांच्या आतील फरकच ग्राह्य धरतात.

भारक्षमता

व्यासाचे गणित जुळले म्हणजे निवड पूर्ण झाली, हा समज धोक्याचा आहे. टायरचा भार प्रत्यक्षात पेलते ती आतील दाबाखालची हवा. बाजू आखूड झाली की हवेचे आकारमान घटते आणि भारक्षमताही उतरते. २२५/४५ आर १७ मापाच्या सामान्य टायरचा भारनिर्देशांक ९१ असतो. २२५/४० आर १८ मापाच्या सामान्य टायरचा मात्र ८८, म्हणजे ५६० किलोग्रॅम. प्रत्येक चाकामागे ५५ आणि चार चाकांमागे २२० किलोग्रॅमची ही घट आहे. तीन धडधाकट माणसे मोटारीतून उतरविण्यासारखाच हा प्रकार.

ही तूट भरून काढण्यासाठी त्याच मापाचे 'एक्सएल' चिन्हांकित, अधिक मजबूत बांधणीचे टायर वापरतात. त्यांचा भारनिर्देशांक ९२, म्हणजे ६३० किलोग्रॅम असतो. मात्र ही क्षमता अधिक हवेच्या दाबावरच लाभते. एक्सएल टायर बसवून जुनाच दाब ठेवल्यास अपेक्षित लाभ मिळत नाही. कमी दाबाचा व जादा भाराचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो, तापतो आणि उन्हाळ्यात दीर्घकाळ वेगाने चालविताना फुटू शकतो. दुकानात रिमची नक्षी निरखणारे गिऱ्हाईक ही दोन अंकी संख्या क्वचितच वाचते.

रिमची रुंदी व ऑफसेट

प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची किमान व कमाल मर्यादा ठरलेली असते. २२५/४५ आर १७ साठी ती ७ ते ८.५ इंच, तर २२५/४० आर १८ साठी ७.५ ते ९ इंच आहे. रिम फार अरुंद असल्यास टायरच्या बाजू बाहेर फुगतात व वळणावर डगमगतात. फार रुंद असल्यास त्या ताणल्या जाऊन रिमची कड उघडी पडते. असे ताणलेले टायर ही काही हौशी मंडळींची आवड आहे. वेगवान वाहनचालनाशी तिचा काही संबंध नाही.

ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा व हबला टेकणारा पृष्ठभाग यांतील अंतर. ७.५ इंच रुंद व ४९ मिमी ऑफसेटच्या रिमऐवजी ८.५ इंच रुंद व ४५ मिमी ऑफसेटची रिम लावली, तर चाकाची बाहेरील कड सुमारे १६.७ मिमी बाहेर व आतील कड सुमारे ८.७ मिमी आत सरकते. बाहेर आच्छादन आणि आत सस्पेन्शन, या दोहोंच्या मध्ये हे मिलिमीटर मावले पाहिजेत. ऑफसेट फार घटविल्यास हबच्या बेअरिंगवरील ताण वाढतो व स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो. बोल्टची मांडणी, मध्यछिद्राचा व्यास आणि ब्रेकच्या कॅलिपरला लागणारी मोकळीक याही बाबी जुळाव्या लागतात.

रुंद टायर आणि पकड

रुंद टायरचे रस्त्याला टेकणारे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढते, असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात हे क्षेत्र मुख्यतः चाकावरील भार व हवेचा दाब यांवर ठरते. दाब सारखाच ठेवल्यास रुंदीमुळे क्षेत्राचा आकार बदलतो: ते आडवे रुंद व लांबीला आखूड होते. त्यामुळे वळणावर टायरचा प्रतिसाद तत्पर होतो. शिवाय रबराचा घर्षणगुणांक भार वाढताच किंचित उतरत असल्याने, जड भार पेलणाऱ्या आसाला रुंद टायरचा विशेष लाभ होतो. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागील आसाच्याही मागे असते. म्हणूनच ९९२ श्रेणीच्या करेरा मोटारीला पुढे २३५/४० आर १९ व मागे तब्बल २९५/३५ आर २० मापाचे टायर आहेत. निसान जीटी-आर या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारीत पुढे २५५/४० व मागे २८५/३५, दोन्ही २० इंची, अशी मापे आहेत. रुंदी भिन्न असूनही त्यांचे बाह्य व्यास अनुक्रमे ७१२ व ७०७.५ मिमी, म्हणजे जवळपास समान राहतात. अशा मोटारींत पुढील व मागील व्यासांचे नाते बिघडल्यास शक्तिवितरणाची यंत्रणा विनाकारण घासत व तापत राहते.

रुंदीची किंमतही मोजावी लागते. साचलेले पाणी रुंद टायरखालून लवकर निघून जात नाही, त्यामुळे टायर पाण्यावर तरंगण्याची अवस्था कमी वेगातच येते. कोकण-सह्याद्रीच्या पावसाळ्यात हा मुद्दा गौण नाही. टोयोटा ८६ (२०१२) या क्रीडामोटारीला तर मुद्दाम २१५/४५ आर १७ हे बेताचे माप आणि प्रियस या इंधनबचतीसाठी प्रसिद्ध मोटारीलाही वापरला जाणारा टायर देण्यात आला. पकडीच्या उच्चांकापेक्षा मोटारीचे खेळकर, सहज उमगणारे वळण निर्मात्यांना मोलाचे वाटले होते.

चाकाचा व्यास व वजन

मोठ्या रिममुळे मोठी ब्रेक-तबकडी बसविता येते, हा तिचा खरा तांत्रिक लाभ होय. आखूड बाजूच्या टायरमुळे स्टिअरिंगही नेमके होते. परंतु रिम मोठी होताना सहसा जडही होते. हे वजन स्प्रिंगांच्या खालचे असल्याने खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहणे कठीण होते. ते फिरते असल्याने प्रवेग व गतिरोधन या दोहोंतही अधिक शक्ती खर्ची पडते. शर्यतींच्या इतिहासात मोठ्या रिमचा आग्रह दिसत नाही. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पर्यंत १३ इंची रिम व उंच बाजूचे टायरच होते. १८ इंची रिम २०२२ मध्ये आली. सरळ रेषेतील शर्यतीसाठी घडविलेल्या डॉज डीमन (२०१८) या मोटारीला चारही चाकांवर ३१५/४० आर १८ मापाचे टायर होते, कारण प्रारंभीचा धक्का पचवायला टायरची उंच, लवचीक बाजूच उपयोगी पडते.

खड्ड्यांच्या रस्त्यावर आखूड बाजूचा टायर रिम व खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिरडला जातो. बाजूवर फुगवटा येणे, आतील धागे तुटणे, रिम वाकणे किंवा तडकणे हे त्याचे नेहमीचे परिणाम होत. फुगवटा आलेला टायर दुरुस्त करता येत नाही. भारतीय शहरांत नित्य वापरायच्या मोटारीसाठी कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी लहान रिमचे माप अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते. रिमवर वाचलेल्या पैशांतून उत्तम प्रतीचे टायर घेतल्यास पकडीत पडणारा फरकही मोठा असतो, कारण पकड ठरविण्यात रबराच्या मिश्रणाचा वाटा एखाद्या इंचाच्या फरकाहून अधिक असतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने मूळतः विनिर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे मोटारीच्या माहितीपुस्तिकेत व दाराच्या चौकटीजवळील किंवा इंधनटाकीच्या झाकणाआतील पट्टीवर दिलेली मापे आणि हवेचे दाब हाच निवडीचा पहिला आधार धरतात. वरच्या श्रेणीच्या प्रतिकृतीला दिलेले माप खालच्या श्रेणीला चालते की नाही, हेही तेथेच पडताळून पाहावे लागते, कारण दोन्हींचे ब्रेक व सस्पेन्शन सारखे असतीलच असे नाही.