मौक्तिक गाठ आणि चेहऱ्याचा शूल

चेहऱ्याच्या एका बाजूस विजेसारखी कळ उठावी, क्षणार्धात विरावी आणि घास चावताना किंवा तोंड धुताना पुन्हा उठावी, या व्याधीचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत विस्ताराने आलेला आहे. मेंदूच्या तळाशी वाढणाऱ्या, मोत्यासारख्या चकाकणाऱ्या गाठीचाही इतिहास लिहिला गेला आहे. परंतु हे दोन इतिहास शंभराहून अधिक वर्षे एकमेकांना क्वचितच भेटले. असे का झाले, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

फ्रान्समध्ये निकोला आंद्रे यांनी १७५६ मध्ये या शूलाला नाव दिले; लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी १७७३ मध्ये त्याचे रेखीव वर्णन केले. रोगाचे मूळ कर्करोगासारख्या एखाद्या दूषित रसात असावे, असा फॉदरगिल यांचा तर्क होता व त्यांनी हेमलॉकचा अर्क योजिला. पुढे शल्यवैद्य चेहऱ्यावरील मज्जातंतू कापू लागले. त्यात कित्येकदा सातवा मज्जातंतू कापला जाई. रोग्याचा चेहरा लुळा पडे आणि वेदना मात्र तशीच राही. स्पर्श व वेदना वाहणारा पाचवा, त्रिशाखी मज्जातंतू निराळा आणि चेहरा हालविणारा सातवा निराळा, हा भेद चार्ल्स बेल यांच्या १८२१ नंतरच्या लेखनाने स्पष्ट होत गेला. (व्यवहारात ‘चेहऱ्याची नस दुखते’ असे म्हणताना हा घोटाळा आपणही अजून करतो.)

गाठीचा शोध शवविच्छेदनाच्या मेजावर लागला. पॅरिसच्या क्रूव्हेल्ये यांनी १८२९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या चित्रसंग्रहात तिला मौक्तिक अर्बुद म्हटले. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये तीमधील स्निग्ध स्फटिकांवरून ‘कोलेस्टिॲटोमा’ हे नाव रूढ केले. ते नाव दिशाभूल करणारे होते. कारण गाठीचा गाभा म्हणजे मुख्यतः बाह्यत्वचेच्या झडलेल्या पेशींचा साठा होय. गर्भावस्थेत मज्जानलिका मिटताना त्वचेचे कण आत अडकून राहतात व त्यांपासून ही गाठ उद्भवते, ही उपपत्ती बोस्ट्रोम यांनी १८९७ मध्ये मांडली. कवटीतील एकूण अर्बुदांत हिचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आहे. ती कर्करोगाची नव्हे, मऊ असते आणि त्वचेच्याच संथ गतीने वाढते. मेजावर गाठ दिसे. परंतु रोग्याची तक्रार ऐकण्याची वेळ टळून गेलेली असे.

तथापि केवळ हेच कारण पुरेसे नाही. १८९० नंतर शल्यवैद्य कवटीच्या आत शिरू लागले, पण कानशिलाकडून. त्या वाटेने मज्जातंतूची गंड हाती येई; मेंदूच्या सेतूजवळचे मूळ दृष्टीआड राही, आणि ही गाठ नेमकी तेथेच, सेतू व लहान मेंदू यांमधील कोनात वसते. माझ्या मते येथे अडचण बुद्धीची नव्हती, वाटेची होती. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनी १९२५ पासून मागून, लहान मेंदूच्या बाजूने मार्ग काढला तो मूळ कापण्याच्या सोयीसाठी. परंतु त्यामुळे मूळ दिसू लागले. १९३४ मध्ये त्यांनी २१५ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पुष्कळांत मुळावर रोहिणीचा दाब होता, मोजक्यांत अर्बुद होते, आणि त्यांत ही मौक्तिक गाठही होती. ज्या शूलाला निष्कारण म्हणण्याची रूढी होती, त्याला अशा रोग्यांत डोळ्यांना दिसणारे कारण सापडले. तरीही हे मत मान्य व्हावयास दीर्घ काळ लागला. १९६७ मध्ये पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियेच्या आधारे रोहिणीच्या दाबाचा प्रश्न पुन्हा पुढे आणला.

या भेदाचे महत्त्व रोग्याच्या दृष्टीने मोठे आहे. मूळ कापल्यास वेदनेबरोबर चेहऱ्याची संवेदनाही जाते. गाठ काढल्यास मज्जातंतू राखता येतो. म्हणून तरुण वयात हा शूल जडल्यास गाठीची शंका घ्यावी लागते. १९७० च्या दशकातील सी. टी. चित्रांत ही गाठ मस्तिष्कद्रवासारखीच काळसर दिसे व सहज निसटे. १९९० च्या दशकात प्रसार पावलेल्या, पाण्याच्या रेणूंचे विसरण टिपणाऱ्या एम. आर. आय. पद्धतीत ती स्वच्छ उजळून दिसू लागली. शस्त्रक्रियेत मात्र जुनीच पेचाची जागा उरली आहे. आतील द्रव्य सांडल्यास मस्तिष्कावरणाचा दाह होतो. आणि गाठीची पातळ त्वचा मज्जातंतूस व रोहिणीस चिकटलेली असल्यास ती ओढून काढण्यापेक्षा तिचा थोडा अंश मागे ठेवणे अनेक शल्यवैद्य पसंत करतात. त्या अंशातून गाठ पुन्हा वाढू शकते, परंतु त्यास बहुधा कित्येक वर्षे लागतात.