गोल न होऊ देणाऱ्यांचा इतिहास

1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने पाच सामन्यांत 29 गोल केले. त्यातले 14 एकट्या ध्यानचंद यांचे, हे अनेकांना पाठ असते. पण त्याच स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या संघाचे कर्णधार होते छोटानागपूरचे आदिवासी जयपालसिंग मुंडा, आणि ते बचाव फळीत खेळायचे. पुढे हेच जयपालसिंग संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी उभे राहिले.

जो गोल करतो त्याचा पुतळा होतो. जो गोल होऊ देत नाही, त्याचे नाव फक्त हरल्यावर निघते. ज्या समाजाने गावगाडा आपल्या श्रमावर चालवला आणि त्या श्रमाची नोंद कुठेच ठेवली नाही, त्या समाजाच्या पोरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून आम्ही इथे एका बचावपटू बाईची कारकीर्द मांडतो आहोत.

दीप ग्रेस एक्का. जन्म 1994, ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातील लुलकीडीही हे आदिवासी गाव. 2013 मध्ये ज्युनिअर विश्वचषकात भारताच्या मुलींनी पहिल्यांदा कांस्यपदक आणले, त्या संघात ती होती. 2014 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, 2017 मध्ये आशिया चषकाचे सुवर्ण, 2018 च्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 2016 मध्ये भारतीय महिला हॉकी संघ 36 वर्षांनी ऑलिंपिकला गेला, तेव्हा रिओला ती होती. टोकियोला ती उपकर्णधार होती. पुढे तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

टोकियोतला 2 ऑगस्ट 2021 चा सामना आठवा. उपांत्यपूर्व फेरीत समोर ऑस्ट्रेलिया. गुरजीत कौरने 22 व्या मिनिटाला गोल केला आणि भारत 1-0 ने जिंकला. दुसऱ्या दिवशी त्या एका गोलाचीच चर्चा झाली. पण त्यानंतरची अर्ध्या तासाहून अधिक वेळ ती आघाडी टिकवली कोणी? गोलरक्षक सविता पुनियाने, दीप ग्रेसने आणि झारखंडच्या खुंटी जिल्ह्यातल्या निक्की प्रधानने. निक्की ही जयपालसिंगांच्याच जिल्ह्यातली लेक.

दोनच दिवसांनी, 4 ऑगस्टला, भारत अर्जेंटिनाकडून 2-1 ने हरला. तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडले गेले. संघात दलित खेळाडू फार झाले म्हणून हरलो, असे तिच्या घरच्यांना ऐकवले गेले. याच वंदनाने चार दिवस आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. म्हणजे जिंकलो तर देश जिंकला, हरलो तर जात हरली. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आता एक प्रेमळ वाटणारा गैरसमज. ‘आदिवासी मुळातच काटक, हॉकी त्यांच्या रक्तात असते.’ आम्ही हे साफ नाकारतो. जन्मावरून गुण ठरवणे म्हणजे चातुर्वर्ण्यच, फक्त कौतुकाच्या भाषेत. सुंदरगडमध्ये मुलींना क्रीडा वसतिगृह मिळाले, प्रशिक्षक मिळाले, मैदान मिळाले, पुढे रेल्वेच्या नोकऱ्या दिसू लागल्या. त्यातून खेळाडू घडल्या. आपल्याकडेही फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे बचाव फळीत आणि वैष्णवी फाळके मधल्या फळीत भारताकडून खेळल्या. दुष्काळी माणदेशाच्या कडेला जे होते, ते समुद्रकाठी का होऊ नये?

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले, आणि त्याच सभेने तरुणांसाठी हॉकी क्लबही चालवला. वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी! चळवळीच्या पहिल्याच कामांत खेळ होता. आपण पहिली दोन नावे लक्षात ठेवली, तिसरे विसरलो.

आमचे काम अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात आहे. इथे कबड्डी आहे, वाळूवर टेनिस बॉलचे क्रिकेट आहे, त्यांच्या बक्षिसांचे फलकही लागतात. पण संध्याकाळी मैदानावर मुली किती? दहावी झाली की ‘आता खेळ पुरे’ म्हणणारे आपल्याच घरात आहेत. महाडला 20 मार्चला आपण अभिमानाने जातो. चवदार तळ्याचा लढा हा सार्वजनिक पाण्यावरच्या हक्काचा लढा होता. मग सार्वजनिक मैदानावर आपल्या मुलींचा हक्क कोण सांगणार?

येत्या जयंतीच्या बैठकीत प्रत्येक मंडळाने एक ठराव मांडावा. डीजेच्या खर्चातला एक हिस्सा मुलींच्या स्टिक, बूट आणि येण्या-जाण्याच्या भाड्यासाठी. ग्रामसभेत मैदानाची मागणी लेखी द्यावी, आणि संध्याकाळचे दोन तास मुलींसाठी राखून ठेवावेत. विहारात पुस्तकांच्या कपाटाशेजारी दहा हॉकी स्टिक ठेवायला फार जागा लागत नाही.

आणि त्या मुलींमधली एखादी मागे उभी राहून गोल अडवू लागली, तर तिचे नाव आपण लिहून ठेवू. दुसरे कोणी लिहील याची वाट बघायची नाही.

जय भीम!